अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी नेमक्या किती प्रकारच्या?

धरमपेठकर

नमस्कार मंडळी. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जुन्या पुस्तकात ग्लिया पेशींची बोळवण जेमतेम दोन वाक्यांत केलेली होती: त्या चेतापेशींना आधार आणि संरक्षण देतात, आणि चेताऊतीचे निम्म्याहून अधिक आकारमान व्यापतात. एवढी जागा व्यापणाऱ्या पेशी मेंदूभर एकसारख्याच असतात का, असे वर्गातील एका मुलीने विचारले. त्या निमित्ताने जे वाचले ते येथे मांडतो आहे. जाणकारांनी भर घालावी. चर्चा ग्लियांपैकी अ‍ॅस्ट्रोसाइट या पेशींपुरतीच ठेवावी, अन्यथा धागा भरकटेल.

माझे म्हणणे असे आहे की या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने आपल्या हातातील साधनाप्रमाणे दिलेले आहे, आणि म्हणून ‘किती प्रकार’ हे विचारण्याआधी ‘कशाने पाहिले’ हे विचारणे भाग आहे. रुडॉल्फ विरशो यांनी १८५०च्या दशकात ग्लियाकडे चेतापेशींना धरून ठेवणारा पदार्थ म्हणून पाहिले, कारण त्यांना उपलब्ध असलेल्या रंगांनी या पेशींचे हातपाय दिसतच नव्हते. गॉल्जी यांची चांदीच्या क्षारांची पद्धत १८७३ साली आली आणि पेशीच्या फांद्या, त्यातही रक्तवाहिनीला जाऊन टेकणारे त्यांचे पाय, दिसू लागले. १८९०च्या सुमारास आंद्रिएझेन आणि कोलिकर यांनी दोन गट पाडले: श्वेतद्रव्यातील (मेंदूच्या आतल्या, मुख्यतः चेतातंतूंच्या भागातील) लांब, सरळ, कमी फाटे फुटलेल्या तंतुमय अ‍ॅस्ट्रोसाइट, आणि करड्या द्रव्यातील (चेतापेशींची शरीरे असलेल्या भागातील) झुडपासारख्या दाट फांद्यांच्या प्रोटोप्लाझ्मिक अ‍ॅस्ट्रोसाइट. काहाल यांनी १९१३ साली सोन्याच्या क्लोराइडची पद्धत काढून त्यांची जी चित्रे रेखाटली, ती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. हे दोन गट शंभर वर्षे टिकले, आणि आमच्या पिढीला तेवढेच शिकवले गेले.

वास्तविक याच काळात ‘वेगळ्या’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पेशींची यादी वाढतच होती. लहान मेंदूत पुरकिंजे या मोठ्या चेतापेशींच्या फांद्यांना समांतर उभे धागे सोडणाऱ्या बर्गमन ग्लिया, डोळ्याच्या पडद्याची पूर्ण जाडी आरपार व्यापणाऱ्या म्युलर ग्लिया, हायपोथॅलॅमसमध्ये तिसऱ्या पोकळीच्या भिंतीला लागून असलेल्या टॅनीसाइट, पिट्युटरीच्या मागच्या भागातील पिट्युसाइट या सगळ्या अ‍ॅस्ट्रोसाइटच्याच गोतावळ्यातल्या आहेत. तरीही प्रत्येकीला स्वतंत्र नाव देऊन बाजूला काढले गेले आणि उरलेल्या अफाट समूहाला ‘सर्वसाधारण अ‍ॅस्ट्रोसाइट’ म्हणून एकाच खात्यात टाकले गेले. माझी शंका आहे ती या उरलेल्या खात्याविषयी.

स्लाइडखालचे_जग

सर, विषय चांगला काढलात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे ‘कशाने पाहिले’ या मुद्द्यावर रोजच्या कामातील एक गोष्ट सांगते.

आमच्याकडे अ‍ॅस्ट्रोसाइट ओळखण्यासाठी जीएफएपी या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे वापरतात. हे तंतुप्रथिन लॉरेन्स एंग यांनी १९७०च्या सुमारास वेगळे काढले आणि तेव्हापासून जीएफएपी म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट असे समीकरण रूढ झाले. आता शवविच्छेदनात मिळालेल्या निरोगी मेंदूचा, कवटीकडच्या पृष्ठभागापासून आतल्या श्वेतद्रव्यापर्यंत जाणारा एक सेक्शन घ्या. जीएफएपीचा रंग तपकिरी येतो आणि केंद्रके निळी दिसतात. पृष्ठभागाच्या पडद्याला लागून तपकिरी धाग्यांचा दाट काठ दिसतो. तेथून काही धागे खाली उतरताना दिसतात. त्याखाली कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरील करड्या थराचा, मधला पट्टा आला की रंग विरळ होत जातो. एखाद्या रक्तवाहिनीभोवती चार तपकिरी रेघा दिसतात, बाकी निळ्या केंद्रकांचे मैदान. सेक्शन आणखी पुढे सरकवून श्वेतद्रव्यात गेलात की पुन्हा सगळीकडे तपकिरी जाळे.

नवीन निवासी डॉक्टर हमखास म्हणतात की मधल्या पट्ट्यात अ‍ॅस्ट्रोसाइट कमी आहेत. वस्तुतः त्या भरपूर आहेत. फक्त त्या जीएफएपी इतके कमी बनवतात की आमच्या रंगाला ते पुरत नाही. त्याच जागी सॉक्स-९ किंवा एएलडीएच-१एल-१ या त्यांच्यातील दुसऱ्या प्रथिनांविरुद्धचा रंग लावला तर त्याच केंद्रकांपैकी कितीतरी केंद्रके अ‍ॅस्ट्रोसाइटची निघतात. शिवाय जेथे जीएफएपी दिसते तेथेही ते पेशीचा केवळ सांगाडा दाखवते. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील (मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातील) पेशींत रंग भरून २००२ साली केलेल्या मोजणीत जीएफएपीने रंगणारा भाग पेशीच्या एकूण आकारमानाच्या सुमारे १५ टक्केच भरला होता. उरलेला भाग इतक्या बारीक पापुद्र्यांचा असतो की साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही, आणि सिनॅप्सला, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्याला, बिलगतो तो नेमका हाच भाग. पुस्तकातील चांदणीसारखी आकृती म्हणजे या पेशीची हाडे आहेत, हे मुलांना जरूर सांगा.

मिहानवासी

ताईंच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी चेताविज्ञानात संशोधन करणारा विद्यार्थी आहे. याच २००२च्या कामात आणखी एक गोष्ट दिसली होती: शेजारच्या दोन अ‍ॅस्ट्रोसाइटचे इलाखे एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्याकडे दोन शेतांच्या मध्ये जसा धुरा असतो, तसा एक अरुंद पट्टा तेवढा दोघींचा सामायिक असतो. बाकी प्रत्येक पेशीचे क्षेत्र तिचे एकटीचे. उंदीर-घुशींत अशा एका क्षेत्रात साधारण २० हजार ते १ लाख २० हजार सिनॅप्स येतात असा अंदाज आहे. त्यामुळे एका पेशीचा स्वभाव बदलला तर त्या क्षेत्रातील सगळ्या सिनॅप्सचे हवापाणी बदलते. त्या सिनॅप्सजवळ सांडलेले ग्लुटामेट (चेतापेशींचे संदेशद्रव्य) उचलणे, पोटॅशियम शोषून घेणे, रक्तप्रवाहाला इशारा देणे ही कामे त्याच पेशीकडे असतात. विविधतेचा प्रश्न म्हणूनच नुसता नामकरणाचा उरत नाही.

बर्डीची_वाचक

मी लहानपणापासून ऐकत आले आहे की मेंदूत ग्लिया पेशी चेतापेशींच्या दहापट असतात. हे खरे आहे का?

मिहानवासी

नाही ताई. २००९ साली ब्राझीलमधील गटाने माणसाच्या मेंदूचे ऊतक विरघळवून केंद्रके मोजली, तेव्हा सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि साधारण तेवढ्याच इतर पेशी भरल्या. त्या ‘इतर’मध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशीही आल्या. प्रमाण जागेनुसार मात्र फार बदलते. लहान मेंदूत चेतापेशींची प्रचंड गर्दी आहे आणि ग्लिया तुलनेने थोड्या, तर कॉर्टेक्सच्या भागात ग्लियांचे पारडे जड आहे.

गणिती_वऱ्हाडी

मी अभियंता आहे, जीवशास्त्राचा नाही, पण विदेचे गट पाडणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून एक आक्षेप नोंदवतो. सध्या जी ‘अ‍ॅस्ट्रोसाइटचे इतके प्रकार’ अशी वृत्ते येतात, ती बहुतेक एकेका पेशीतील आरएनए, म्हणजे कोणती जनुके किती चालू आहेत याच्या खुणा, मोजून आणि त्या आकड्यांचे संगणकाने गट पाडून आलेली असतात. गट पाडणाऱ्या प्रणालीत एक खुंटी असते. ती पिळली की गट वाढतात, सैल केली की कमी होतात. विदेत खरोखर तुटक बेटे असतील तर ती खुंटी फारसा फरक करत नाही. विदा सलग उताराची असेल तर मात्र जेवढे हवे तेवढे गट मिळतात. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या बाबतीत बेटे आहेत की उतार?

धरमपेठकर

भाऊ, हाच कळीचा प्रश्न आहे, आणि माझ्या वाचनाप्रमाणे दोन्ही आहे.

मोठ्या अंतरावर बेटे आहेत. उंदराच्या संपूर्ण चेतासंस्थेचा जो आरएनए-नकाशा २०१८ साली स्टॉकहोमच्या गटाने प्रसिद्ध केला, त्यात पुढच्या मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट आणि त्यामागच्या थॅलॅमस, मध्यमेंदू इत्यादी भागांतील अ‍ॅस्ट्रोसाइट स्पष्टपणे वेगळ्या पडल्या. बर्गमन ग्लिया त्याहून वेगळ्या. गर्भावस्थेत मेंदूची नळी ज्या भागांत विभागली जाते, त्या भागांचा ठसा प्रौढ पेशींवर राहतो असा त्याचा अर्थ लावला गेला. जवळच्या अंतरावर मात्र उतार दिसतो. २०२० साली उंदराच्या कॉर्टेक्समधील अ‍ॅस्ट्रोसाइटचे जनुक-नकाशे काढले गेले, तेव्हा वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतील पेशी वेगळ्या निघाल्या, पण त्यांचे थर चेतापेशींच्या परिचित सहा थरांशी काटेकोरपणे जुळत नव्हते, आणि एका थरातून दुसऱ्यात जाताना बदल हळूहळू होत होता.

आकड्यांबाबत आपली सावधगिरी रास्त आहे. २०१७ साली एका गटाने पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून उंदराच्या मेंदूत पाच उपसमूह वेगळे काढले. २०२० साली दुसऱ्या गटाने आरएनएवरून कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसमध्ये पाच उपप्रकार सांगितले. दोन्हीकडे पाच हा आकडा आला म्हणून ते एकच पाच आहेत असे मानण्याचे काहीही कारण नाही. निकषच वेगळे आहेत. परीक्षेत ‘अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाच प्रकार लिहा’ असा प्रश्न कोणी काढेल, या कल्पनेनेच मला धास्ती वाटते.

गणिती_वऱ्हाडी

मग उताराच्या भागात ‘विविधता’ या शब्दाला वजन कशाने येते? आरएनएचे आकडे थोडे कमीजास्त असणे म्हणजे कामात फरक असणे नव्हे.

मिहानवासी

त्यासाठी एक कठोर कसोटी आहे: एका भागातील अ‍ॅस्ट्रोसाइटचे एखादे वैशिष्ट्य काढून घ्यावे आणि तेथील चेतापेशींचे काही बिघडते का ते पाहावे. या कसोटीवर उतरलेली तीन उदाहरणे मला सर्वांत पटतात.

पहिले उदाहरण चेतारज्जूचे आहे. उंदराच्या चेतारज्जूच्या पोटाकडील भागातील अ‍ॅस्ट्रोसाइट सेमाफोरिन-३ए नावाचा रेणू बनवतात, पाठीकडील भागातील तितका बनवत नाहीत. २०१४ साली तो रेणू फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमधून काढून टाकला गेला. परिणामी स्नायू हलवणाऱ्या अल्फा चेतापेशींच्या अक्षतंतूंची दिशा बिघडली आणि त्यांतील कित्येक मेल्या; त्यांच्या अगदी शेजारी असलेल्या गॅमा चेतापेशी मात्र तगल्या. शेजारी राहणाऱ्या दोन चेतापेशींपैकी एकीलाच आपल्या अ‍ॅस्ट्रोसाइटची ही विशिष्ट चीज लागते, याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

दुसरे उदाहरण २०१२चे, हेही चेतारज्जूचेच. गर्भातील ज्या पट्ट्यातून अ‍ॅस्ट्रोसाइट निघतात, त्या पट्ट्याच्याच रेषेत त्या बाहेर सरकून स्थिरावतात; आडव्या फिरून दुसऱ्याच्या हद्दीत जात नाहीत. एका पट्ट्यातील अ‍ॅस्ट्रोसाइट नष्ट केल्यावरही शेजारच्या पट्ट्यातील अ‍ॅस्ट्रोसाइटनी ती जागा भरून काढली नाही, आणि तेथील सिनॅप्सची जडणघडण बिघडली.

या दोहोंवरून वाटेल की सगळे जन्मावरच ठरते. तिसरे उदाहरण त्याला छेद देते, आणि मला ते सर्वांत रंजक वाटते. लहान मेंदूत पुरकिंजे पेशी सॉनिक हेजहॉग नावाचा संदेशरेणू सोडतात. बर्गमन ग्लियांना तो सतत मिळतो, जवळच्याच दाणेदार थरातील अ‍ॅस्ट्रोसाइटना फारच कमी मिळतो. २०१६ साली प्रौढ उंदरांत हा संदेश तोडला, तेव्हा बर्गमन ग्लियांची खास प्रथिने कमी होऊन त्या शेजारच्या साध्या अ‍ॅस्ट्रोसाइटसारख्या होऊ लागल्या; उलट त्या साध्या पेशींत संदेश कृत्रिमरीत्या चालू ठेवला तर त्या बर्गमन ग्लियांकडे झुकल्या. अर्थात प्रौढ वयातही अ‍ॅस्ट्रोसाइटचा स्वभाव शेजारची चेतापेशी घडवत आणि टिकवत असते. भाऊंचा ‘उतार’ कोठून येतो, याचे एक उत्तर येथे आहे.

मानेवाड्याहून

मी वेगळ्या कारणाने हा धागा वाचते आहे. माझ्या धाकट्या बहिणीला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार आहे. हा आजार अ‍ॅस्ट्रोसाइटवर हल्ला करतो असे डॉक्टरांनी सांगितले. अ‍ॅस्ट्रोसाइट जर मेंदूभर आहेत, तर तिची दृष्टी आणि पाय यांवरच घाला का पडला?

स्लाइडखालचे_जग

ताई, बहिणीची प्रकृती आता स्थिर असेल अशी आशा करते. उपचारांबाबत तिचे न्यूरोलॉजिस्ट सांगतील तेच प्रमाण मानावे. मी फक्त ‘का’ याचे उत्तर देते.

या आजारात शरीर अ‍ॅक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाटेविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती प्रतिपिंडे २००४ साली ओळखली गेली आणि त्यांचे लक्ष्य कोणते हे २००५ साली कळले. ही वाट अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पायांवर, म्हणजे रक्तवाहिनीला टेकलेल्या टोकांवर, एकवटलेली असते. परंतु सगळ्या भागांत सारख्या प्रमाणात नाही. दृष्टिचेता आणि चेतारज्जू येथे ती मुबलक आहे. मेंदूच्या तळाशी, जेथे रक्त आणि मेंदू यांतील आडपडदा मुळातच सैल असतो, तेथेही ती आहे, आणि म्हणून काही रुग्णांत आजाराची सुरुवात न थांबणाऱ्या उचक्यांनी आणि उलट्यांनी होते; त्यांना आधी पोटाच्या डॉक्टरांकडे नेले जाते. त्याच वेळी हेही लक्षात घ्या की हेच प्रथिन मूत्रपिंडात आणि जठरातही असते, तरी ते अवयव सहसा वाचतात. तेथील पेशींवर प्रतिपिंडांनी सुरू केलेल्या हल्ल्याला आवर घालणारी दुसरी प्रथिने असतात, असे त्याचे कारण मानले जाते. म्हणजे कोणत्या पेशीवर घाव बसेल, हे तिच्याजवळ काय काय एकत्र आहे त्यावर ठरते.

बर्डीची_वाचक

आजारांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. ए-१ अ‍ॅस्ट्रोसाइट मारक आणि ए-२ तारक, असे मी एका व्हिडिओत पाहिले. हे त्यांचे दोन प्रकार आहेत का?

स्लाइडखालचे_जग

त्या मांडणीमागे चांगले प्रयोग आहेत, पण व्हिडिओंनी तिचा फार विस्तार केला. २०१७ साली असे दाखवले गेले की सूज आलेल्या स्थितीत मायक्रोग्लिया (मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी) तीन संदेशद्रव्ये सोडतात आणि त्यांच्या प्रभावाखाली काही अ‍ॅस्ट्रोसाइट चेतापेशींना मारक ठरतात. त्यांना ए-१ म्हटले गेले. रक्तपुरवठा तुटल्यावर दिसणारा वेगळा प्रतिसाद ए-२ ठरला. नंतर प्रत्येक आजारात ‘ए-१ की ए-२’ अशी विभागणी सुरू झाली, तेव्हा २०२१ साली या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी एकत्र निवेदन काढून ही द्विभागणी सोडून द्यावी असे सुचवले. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये, अनेक खुणा आणि प्रत्यक्ष कार्य तपासावे, असे त्यांचे सांगणे आहे.

आमच्या टेबलावर तर हे फार पूर्वीपासून दिसत आले आहे. मेंदूतील गळवाच्या काठावर अ‍ॅस्ट्रोसाइट फुगतात, त्यांचे अंग गुलाबी आणि भरदार दिसते, केंद्रक एका कडेला सरकते आणि जीएफएपीचा रंग गडद येतो. याउलट यकृत निकामी होऊन बेशुद्धीत गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत, करड्या द्रव्यात, अ‍ॅस्ट्रोसाइटचे केंद्रक मोठे, फिकट, आतून रिकामे वाटणारे असते, अंग जवळजवळ दिसत नाही आणि जीएफएपी क्षीण असते. अमोनिया निकामी करून त्याचे ग्लुटामिन बनवण्याचे काम मेंदूत मुख्यतः याच पेशी करतात, त्यामुळे त्या आजाराचा भार त्यांच्यावरच पडतो. या पेशींना अल्झायमर टाइप-२ म्हणतात. अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशाशी त्यांचा संबंध नाही, नाव फक्त त्याच शास्त्रज्ञाचे आहे. या दोन्ही चित्रांना ‘आजारी अ‍ॅस्ट्रोसाइट’ एवढेच म्हणून भागत नाही, आणि त्या कायमच्या दोन जाती आहेत असेही म्हणता येत नाही. त्या अवस्था आहेत.

धरमपेठकर

ताईंच्या शेवटच्या वाक्याने माझे काम सोपे केले. प्रकार आणि अवस्था यांची गल्लत बातम्यांत सर्रास होते.

माणसाविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडे लिहितो. २००९ साली अमेरिकेतील एका गटाने शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी कॉर्टेक्सची उंदराशी तुलना केली. मानवी प्रोटोप्लाझ्मिक अ‍ॅस्ट्रोसाइटचा व्यास उंदराच्या २.६ पट भरला, आणि तिच्या क्षेत्रात २ लाख ७० हजारांपासून २० लाखांपर्यंत सिनॅप्स येत असावेत असा अंदाज मांडला गेला. ताईंनी वर्णन केलेले, पृष्ठभागाकडून खाली उतरणारे धागे हे बहुधा इंटरलॅमिनर अ‍ॅस्ट्रोसाइटचे असावेत. त्यांचे शरीर पहिल्या थरात असते आणि धागे खालच्या थरांपर्यंत जातात. अशा लांब धाग्यांच्या पेशी वानरकुळात दिसतात, उंदरात नाहीत. खोल थरांत मण्यांसारख्या गाठी असलेले लांब धागे सोडणाऱ्या पेशीही त्याच कामात वर्णिल्या गेल्या. त्या माणसात आणि चिंपांझीत सापडल्या. त्या नेमके काय करतात याचा प्रत्यक्ष पुरावा तोकडा आहे, आणि ‘माणसाची बुद्धी अ‍ॅस्ट्रोसाइटमुळे’ अशा मथळ्यांपासून मी मुलांना दूर ठेवणार आहे. उंदरात केलेल्या प्रयोगांवरून माणसाचे उपप्रकार सांगताना मात्र हा फरक डोळ्यांआड करता येणार नाही.

गणिती_वऱ्हाडी

माझा शेवटचा प्रश्न. ही विविधता मान्य केल्याने एखादा जुना वाद सुटला आहे का, की फक्त यादी लांबली?

मिहानवासी

एक वाद सुटण्याच्या मार्गावर आहे असे म्हणता येईल. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामेटमुळे कॅल्शियमच्या लाटा उठतात, हे १९९० साली दिसले. त्यानंतर अ‍ॅस्ट्रोसाइट स्वतःही ग्लुटामेट सोडून सिनॅप्सच्या संभाषणात भाग घेतात, हा विचार पुढे आला, आणि १९९९ साली सिनॅप्सचे दोन नव्हे तर तीन भागीदार आहेत अशी मांडणी झाली. त्यावर पंधरा-वीस वर्षे कडाक्याचे मतभेद राहिले. काही प्रयोगशाळांना अ‍ॅस्ट्रोसाइटमधून पुटिकांद्वारे (पेशीतील सूक्ष्म पिशव्यांद्वारे) ग्लुटामेट सुटताना दिसे, काहींना त्यासाठी लागणारी यंत्रणाच त्या पेशींत सापडत नसे, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या पद्धतीत खोट काढत.

२०२३ साली स्वित्झर्लंडमधील गटाने आरएनएच्या नोंदी पुन्हा चाळून हिप्पोकॅम्पसमधील अ‍ॅस्ट्रोसाइटचा एक छोटा गट दाखवला, ज्यात ग्लुटामेट पुटिकांत भरण्याची आणि ती सोडण्याची यंत्रणा आहे. मग उंदरांच्या मेंदूत त्या पेशींतून ग्लुटामेट सुटताना प्रत्यक्ष टिपलेही. हे सोडणारे बिंदू हिप्पोकॅम्पसमध्येही सर्वत्र सारखे नव्हते, ठरावीक जागी दाट होते. ती यंत्रणा बंद केल्यावर उंदरांच्या स्मरणशक्तीवर आणि झटक्यांच्या तीव्रतेवर परिणाम झाला. सर्व अ‍ॅस्ट्रोसाइट एकच मानून सरासरी काढली की हा छोटा गट सरासरीत बुडतो, आणि सुईखाली कोणती पेशी आली यावर प्रयोगशाळेचे उत्तर ठरते. माणसाच्या ऊतकाच्या नोंदींतही अशा पेशींच्या खुणा त्यांना मिळाल्या आहेत. पुढचे काम आता त्या पेशी जिवंत असताना, इतरांपासून वेगळ्या ओळखून, हाताळण्याचे आहे. आणि त्यासाठी फक्त त्यांच्यातच असलेली एखादी जनुकीय खूण शोधावी लागेल, कारण आत्ता हाती असलेल्या खुणा चेतापेशींतही आढळतात.